परदेशी प्रवासातला लांब लेओव्हर: खान्देशातून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून परदेशी निघालेल्या माणसाला थेट विमान क्वचितच परवडतं. बहुतेकांचं विमान दुबई, दोहा, अबू धाबी, इस्तंबूल, सिंगापूर किंवा क्वालालंपूरला बदलतं आणि मध्ये पाच ते वीस तासांचा थांबा, म्हणजे लेओव्हर, येतो. तो थांबा चांगला जाणार की हालाचा, हे बहुतांशी तिकीट काढतानाच ठरतं. म्हणून आधी तिकिटाचे आणि व्हिसाचे प्रश्न घेतले आहेत. झोप, आंघोळ, जेवण त्यानंतर.

कितीचा थांबा ‘लांब’ समजायचा?

दोन-तीन तासांत सुरक्षा तपासणी, गेट शोधणं आणि प्रसाधनगृह यातच वेळ संपतो. चार-पाच तासांत नीट जेवण आणि थोडी विश्रांती होते. सहा-सात तासांपुढे आडवं व्हायची सोय पाहायला हवी, आणि आठ तासांपुढे शहरात जाण्याचा विचार करता येतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात २४ तासांच्या आतल्या थांब्याला विमान कंपन्या ‘ट्रान्झिट’ म्हणतात आणि त्याहून मोठ्याला ‘स्टॉपओव्हर’. स्टॉपओव्हरला भाडं बदलू शकतं आणि सामानही बहुधा मध्येच ताब्यात घ्यावं लागतं. त्यामुळे २३ तास आणि २५ तास यांत मोठा फरक पडतो.

मुंबईत विमानाआधी आठ-दहा तास काढावे लागतात. तेही यात धरायचे का?

हो, आपल्या भागातल्या माणसाचा पहिला लेओव्हर मुंबईतच असतो. आखाताकडे आणि युरोपकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि सोयीची गाडी सकाळी किंवा दुपारी मुंबईत पोचते.

पहिली काळजी तारखेची. तिकिटावर ‘१५ तारीख, ०२:३०’ असेल तर ते १४ तारखेच्या रात्रीनंतरचे अडीच. मुंबईत १४लाच पोचायला हवं आणि रेल्वेचं आरक्षणही त्याच हिशेबाने हवं. ही चूक शिकल्यासवरल्या घरांतही होते आणि ती कळेपर्यंत विमान निघून गेलेलं असतं.

दुसरी काळजी घाटाची. जळगाव-मुंबई अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली किंवा कल्याणपुढे पाणी साचलं, की गाड्या तासन्‌तास अडकतात. जून ते सप्टेंबरमध्ये गाडी पोचण्याची वेळ आणि विमानाची वेळ यांत किमान दहा तास ठेवा, एरवी सात-आठ. धुळ्याहून ट्रॅव्हल्सने येणाऱ्यांनाही हाच हिशेब, कारण मुंबई-आग्रा रस्ताही त्याच घाटातून उतरतो. नंदुरबारकरांची गाडी सुरतमार्गे येते, त्यामुळे घाट टळतो.

मुंबईत उतरल्यावर मोठ्या बॅगा स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवता येतात. प्रत्येक बॅगेला कुलूप हवं आणि रेल्वेचं तिकीट जवळ हवं; कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. काही तास अंग टाकायचं असेल तर रेल्वेच्या विश्रांतिगृहाची खोली पीएनआरवर आधीच ऑनलाइन बुक करता येते.

टर्मिनल २ला जायला आता मेट्रो ३ ही चांगली सोय आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून ती थेट विमानतळाच्या टी२ स्थानकावर जाते. घाटकोपरला उतरलात तर मेट्रो १ने मरोळ नाका, तिथे गाडी बदलून पुढचंच स्थानक टी२. मात्र शेवटच्या गाड्या रात्री साडेदहाच्या सुमारास सुटतात, त्यामुळे नऊच्या आधी निघालेलं बरं. चार मोठ्या बॅगा आणि सोबत वयस्क माणूस असेल तर सरळ टॅक्सी करा.

विमानतळावर फार लवकर जाऊन उपयोग होत नाही. चेक-इन काउंटर साधारण तीन-चार तास आधी उघडतात आणि तासभर आधी बंद होतात. तोवर सामानाची गाडी ढकलत उभं राहावं लागतं आणि बसायला जागा थोड्या असतात.

तिकीट काढताना थांबा कसा निवडावा?

स्वस्त म्हणून १९ तासांचा थांबा घेण्याआधी त्यात काय खर्च होईल ते लिहून काढा: दोन जेवणं, झोपायची खोली किंवा लाउंज (विमानतळावरचा आरामकक्ष), बाहेर पडणार असाल तर व्हिसा आणि प्रवास. चौघांचं कुटुंब असेल तर वाचलेले पाच-सहा हजार तिथेच जातात.

आमचं स्पष्ट मत असं, की तीन ते चार तासांचा किंवा नऊ ते चौदा तासांचा थांबा घ्यावा. पाच ते आठ तासांचा थांबा अडनिडा असतो. त्यात नीट झोपताही येत नाही आणि बाहेरही जाता येत नाही. त्यातही दिवसाचा थांबा फिरायला बरा, रात्रीचा झोपायला. रात्री अकरा ते सकाळी सातच्या थांब्यात शहर पाहायचा बेत करू नका. दुबईची मेट्रोसुद्धा रात्रभर चालत नाही.

काही कंपन्या लांब थांब्याला हॉटेल देतात. एमिरेट्सची ‘दुबई कनेक्ट’ तशी योजना आहे. पण त्यापेक्षा लवकरचं जोडविमान उपलब्ध असताना तुम्ही स्वतःहून उशिराचं निवडलं असेल तर ती मिळत नाही. हॉटेल आपोआप मिळेल असं धरून चालू नका. आधी अर्ज करून पुष्टी घ्यावी लागते.

एका पीएनआरचं तिकीट आणि दोन वेगळी तिकिटं यांत एवढा काय फरक?

सगळा फरक तिथेच आहे. एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, पूर्ण प्रवास असेल तर पहिलं विमान उशिरा आल्यास पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी असते. दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. दुसरं तिकीट वाया जातं.

काही संकेतस्थळं दोन वेगळी तिकिटं एकत्र दाखवतात आणि खाली बारीक अक्षरांत ‘सेल्फ ट्रान्सफर’ लिहितात. याचा अर्थ मध्ये उतरून इमिग्रेशन (पासपोर्ट-व्हिसाची तपासणी) पार करायचं, सामान घ्यायचं आणि पुन्हा चेक-इन करायचं. तुमच्याकडे त्या देशाचा व्हिसा नसेल तर पहिल्या विमानात चढण्याआधी मुंबईतच अडवतात. शहराचं नाव एक आणि विमानतळ दोन, हाही सापळा आहे: बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, इस्तंबूलला मोठा नवा विमानतळ आणि दुसऱ्या टोकाला सबिहा गोकचेन. तिकिटावरची विमानतळाची तीन अक्षरं नीट जुळवून पाहा.

बॅगा मध्ये घ्याव्या लागतात का?

एका पीएनआरवर बहुधा नाही. मुंबईत काउंटरवर बॅगेला जो पट्टा लावतात त्यावर शेवटच्या शहराची तीन अक्षरं छापली आहेत का ते तिथेच पाहा. बोस्टनला जाणाऱ्याच्या पट्ट्यावर ‘दुबई’ एवढंच असेल तर काउंटर सोडायच्या आधी विचारा. बॅग पुढे निघून गेली की तुमच्या हाती काही राहत नाही. बॅगेच्या पावत्या बोर्डिंग पासच्या मागे चिकटवतात, त्यांचा फोटो काढून ठेवा.

अमेरिकेत मात्र ज्या पहिल्या विमानतळावर उतरता तिथे सर्वसाधारणपणे इमिग्रेशन करून बॅगा घ्याव्या लागतात आणि कस्टमनंतर पुन्हा सोपवाव्या लागतात. म्हणून न्यूयॉर्क किंवा शिकागोला पुढचं देशांतर्गत विमान तीन तासांपेक्षा कमी अंतराने घेऊ नका. अबू धाबीहून जाणाऱ्यांची अमेरिकन इमिग्रेशन तपासणी अबू धाबीतच उरकते. तिथल्या थांब्यातला मोठा भाग त्यातच जातो, त्यामुळे तिथे लाउंजमध्ये निवांत बसू नका, आधी ती रांग गाठा.

भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पडता येतं का?

देशानुसार. नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी आणि निघायच्या आठवड्यात असं दोनदा त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर तपासा.

मलेशिया सध्या सोपा आहे. डिसेंबर २०२६ अखेरपर्यंत भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरायचं, ते मोफत आहे. शोधताना वर जाहिरातीत दिसणारी संकेतस्थळं त्यासाठी पैसे मागतात. तिथे भरू नका.

कतारमध्ये भारतीयांना प्रवेशाची मुभा आहे, पण पासपोर्ट सहा महिने वैध हवा आणि पक्कं हॉटेल बुकिंग दाखवावं लागतं. पाच-सात तासांच्या थांब्यात नेमकी याच ठिकाणी माणसं अडतात. विमानतळावरून नेऊन आणणारी कतार एअरवेजची पैसे भरून घ्यायची सहल हा त्यातला सोपा मार्ग.

संयुक्त अरब अमिरातीत ४८ आणि ९६ तासांचे ट्रान्झिट व्हिसे आहेत. ते विमान कंपनीमार्फत आधी काढावे लागतात, पोचल्यावर काउंटरवर मागून मिळत नाहीत. पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मात्र ठरावीक अटींवर पोचल्यावर व्हिसा मिळतो.

सिंगापूरला व्हिसा लागतो. पण अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, जर्मनी किंवा स्वित्झर्लंडचा वैध व्हिसा असेल आणि तुम्ही खरोखरच पुढे जात असाल, तर ९६ तासांची ट्रान्झिट सवलत मिळू शकते. आत सोडायचं की नाही हे शेवटी तिथला अधिकारी ठरवतो. आगमन कार्ड तिथेही भरायचं असतं.

तुर्कस्तानात अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) वैध व्हिसा असेल तर ई-व्हिसा ऑनलाइन निघतो. तो घरूनच काढा.

बाहेर पडायचंच नाही, नुसतं विमान बदलायचंय. तरी व्हिसा लागतो?

आखाती देश, सिंगापूर, मलेशिया, इस्तंबूल इथे एका पीएनआरवर आतल्या आत विमान बदलायला लागत नाही. ब्रिटनमध्ये लागू शकतो. तिथे त्यासाठी वेगळा ट्रान्झिट व्हिसा आहे आणि अमेरिका, कॅनडा वगैरेंचा वैध व्हिसा असणाऱ्यांना त्यातून सूट आहे. युरोपातल्या काही देशांचा असा व्हिसा आहे आणि भारतीयांसाठी त्याचे नियम बदलत आहेत, त्यामुळे वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहूनच ठरवा. कॅनडा आणि अमेरिकेत व्हिसाशिवाय ट्रान्झिटचा विचार करू नका.

आणखी एक बारकावा. मुंबई-पॅरिस-फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क असं तिकीट असेल तर पॅरिस ते फ्रँकफर्ट हा शेंगेनमधला अंतर्गत प्रवास होतो. म्हणजे पॅरिसलाच युरोपात प्रवेश करावा लागतो आणि शेंगेन व्हिसा हवाच. युरोपात एकच विमानतळ असेल असंच तिकीट घ्या.

बाहेर फिरायला खरे किती तास हाती राहतात?

आधी वजाबाकी, मग बेत. समजा दुबईत नऊ तासांचा थांबा आहे. विमान थांबल्यापासून इमिग्रेशनपलीकडे पोचेपर्यंत एक तास, गर्दी असेल तर दीड. शहरात जायला पाऊण तास, परत यायला पाऊण तास. पुढच्या विमानाच्या अडीच तास आधी विमानतळाच्या दारात. म्हणजे नऊ तासांतले पाच ते साडेपाच गेले. हाती राहिले साडेतीन-चार, आणि त्यात एक जेवण. याच हिशेबाने सहा तासांच्या थांब्यात हाती जेमतेम अर्धा ते एक तास राहतो.

वजाबाकी करताना दोन गोष्टी हमखास विसरतात. एक, विमान सुटण्याच्या वीसेक मिनिटं आधी गेट बंद होतं. ‘सुटण्याची वेळ’ म्हणजे दार बंद होण्याची वेळ नाही. दुसरी, पहिलं विमानच तासभर उशिरा आलं तर बेत तासाने लहान करायचा, परतीची वेळ पुढे सरकवायची नाही.

कुठे काय पाहावं?

दुबईत टर्मिनल १ आणि ३ला मेट्रोची लाल मार्गिका आहे. युनियन स्थानकाला हिरव्या मार्गिकेत बदलून अल रासला उतरा. मसाल्यांचा बाजार, सोन्याचा बाजार, आणि खाडी ओलांडायला एका दिरहमची लाकडी होडी, हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पलीकडे बर दुबईत शाकाहारी भारतीय जेवण सहज मिळतं. उंच इमारती पाहण्याच्या रांगांपेक्षा चार तासांत हे कितीतरी समाधानाचं होतं. जळगावच्या माणसाला सोन्याचा बाजार पाहायचा मोह होणारच, पाहावाही. मात्र लेओव्हरमध्ये दागिने विकत घेऊ नका. दागिन्यांवरची करमुक्त सवलत एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. थोड्या दिवसांच्या प्रवाशाला भारतात उतरल्यावर सीमाशुल्क भरावं लागतं.

दोह्यात बाहेर पडता आलं तर मेट्रोने मशेरिब, तिथून जवळच सूक वाकिफ हा जुना बाजार. मे ते सप्टेंबर दुपारी जाऊ नका; पारा चाळिशी ओलांडतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यापेक्षा हवा दमट असते. शुक्रवारी मेट्रो उशिरा सुरू होते. बाहेर न पडणाऱ्यांसाठी हमाद विमानतळातच ‘ऑर्चर्ड’ नावाची छपराखालची बाग आहे. तिथे झाडांच्या सावलीत दोन तास छान जातात.

सिंगापूरचं चांगी विमानतळ आतल्या आतच पुरेसं आहे. टर्मिनल ३मध्ये फुलपाखरांची बाग आणि मोफत चित्रपटगृह, टर्मिनल १ला निवडुंगांची बाग, टर्मिनल २ला सूर्यफुलांची. साडेपाच ते चोवीस तासांचा थांबा असणाऱ्यांना शहराची मोफत सहल मिळते, पण त्यासाठी इमिग्रेशन पार करावं लागतं, म्हणजे वरची व्हिसा-सवलत हवी. चाळीस मीटरांचा प्रसिद्ध धबधबा ज्या ‘ज्युएल’ इमारतीत आहे तीही इमिग्रेशनबाहेर आहे. अनेकजण तो पाहायच्या आशेने येतात आणि काचेपाशी अडतात.

क्वालालंपूरला टर्मिनल १हून जलद गाडी २८ मिनिटांत शहराच्या मुख्य स्थानकावर नेते. तिथून लोकलने बाटू गुहा, २७२ पायऱ्या आणि कार्तिकस्वामींची भव्य मूर्ती. एवढं करायला थांबा दहा तासांचा तरी हवा.

इस्तंबूलला टर्किश एअरलाइन्सच्या प्रवाशांना सहा ते चोवीस तासांच्या थांब्यात मोफत शहरदर्शन आहे. विमानतळ शहरापासून लांब आहे, त्यामुळे स्वतंत्रपणे जाण्यापेक्षा हेच घ्या.

झोप कुठे काढावी?

ट्रान्झिट हॉटेल बुक करताना एकच प्रश्न विचारा: ते इमिग्रेशनच्या आत आहे की बाहेर? दुबईचं दुबई इंटरनॅशनल हॉटेल आणि दोह्याचं ओरिक्स आत आहे, तिथे व्हिसा लागत नाही. चांगीचं योटेलएअर ज्युएलमध्ये म्हणजे बाहेर आहे. इस्तंबूलला त्याच नावाचं हॉटेल आत आणि बाहेर अशा दोन्ही बाजूंना आहे, बुकिंगमध्ये बाजू निवडावी लागते. खोल्या तासांच्या हिशेबानेही मिळतात. सुटीच्या दिवसांत त्या भरलेल्या असतात, आधी बुक करा.

पैसे घालायचे नसतील तर दोह्यात मोफत शांत कक्ष आहेत, पुरुषांचे वेगळे आणि स्त्रियांचे वेगळे. चांगीतही पाय पसरून पडायच्या आरामखुर्च्या आहेत. कुठेही झोपलात तरी गार हवा अंगावर येते, म्हणून एक सोलापुरी चादर किंवा शाल केबिन बॅगेत हवीच. पासपोर्ट अंगावरच्या कपड्यात, बॅगेचा पट्टा पायात अडकवलेला, आणि दोन गजर: एक फोनवर, एक घड्याळात किंवा सोबत्याच्या फोनवर. मुंबईसह अनेक मोठ्या विमानतळांवर विमानांच्या घोषणा होत नाहीत. तुम्हाला उठवायला कोणी येणार नाही. उठल्यावर आधी फलकावर गेट पुन्हा पाहा, कारण ते बदललेलं असू शकतं.

लाउंजमध्ये कार्डावर फुकट जाता येतं ना?

कार्डानुसार. बऱ्याच कार्डांवर देशातला लाउंज असतो, परदेशातला नसतो. घरूनच बँकेच्या ॲपमध्ये पाहा आणि त्याच वेळी कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा. तो मुळात बंद असतो. लाउंजमध्ये सहसा दोन-तीन तासच राहू देतात. म्हणून उतरल्या उतरल्या न जाता शेवटच्या तीन तासांत जा: आंघोळ, जेवण, मग गेट. लाउंज नसेल तरी मोठ्या विमानतळांवर पैसे भरून आंघोळीची सोय असते. एक पंचा आणि बदलायचा सदरा केबिन बॅगेत ठेवलात तर पुढचे चौदा तास सुसह्य होतात.

घरचं खाणं नेता येतं का? आणि मसाला?

दशम्या न्या. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात आणि तपासणीत कोणी हरकत घेत नाही. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, केळी वेफर्स, भाजलेले दाणे. भरीत, शेवभाजीचा रस्सा, दही, तूप, तेलातलं लोणचं हे सगळं सुरक्षा तपासणीत द्रवात मोडतं. १०० मिलिलिटरपेक्षा मोठा डबा काढून घेतात. ओला ठेचाही त्यातच आला. लोणचं चेक-इन बॅगेत, दुहेरी पिशवीत. पाण्याची बाटली रिकामी न्या, तपासणी झाल्यावर भरा. ट्रान्झिटमध्ये पुन्हा तपासणी होते, त्यामुळे मुंबईच्या गेटजवळ घेतलेलं पाणीही मध्येच टाकावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: खसखस. संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया आणि सिंगापूरमध्ये खसखशीवर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. आपल्या काळ्या मसाल्यात अनेक घरी खसखस भाजून घालतात. मुलीसाठी दिलेला दोन किलो मसाला त्यामुळे मोठं संकट होऊ शकतो. परदेशी न्यायचा मसाला खसखशीशिवाय वेगळा कुटून घ्या. गुटखा, तंबाखूच्या पुड्या आणि ई-सिगारेटही घरीच ठेवा; सिंगापूरमध्ये या तिन्हींवर बंदी आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आखातात नियंत्रित आहेत. डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी, मूळ वेष्टन आणि जिथे लागते तिथे आधी परवानगी, याशिवाय नेऊ नका.

वायफाय आणि फोनचं काय?

काही विमानतळांवर वायफायसाठी मोबाइलवर ओटीपी येतो. आपल्या सिमवर रोमिंग बंद असेल तर तो येत नाही. निघण्याआधी किमान एसएमएस येईल एवढं रोमिंग सुरू करा. बँकेच्या ओटीपीसाठीही ते लागतंच. दुबईत आणि दोह्यात व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही असा अनुभव येईल, कारण तिथे इंटरनेटवरून बोलण्यावर निर्बंध आहेत. संदेश आणि आवाजी निरोप मात्र जातात. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ते रात्रभर काळजीत राहतात.

चार्जिंग?

दुबई, दोहा, सिंगापूर, मलेशिया, ब्रिटन इथे तीन चौकोनी पिनांचं सॉकेट असतं. अडॅप्टर घरूनच न्या. युरोप आणि इस्तंबूलला आपला बारीक दोन पिनांचा चार्जर चालतो. पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये नाही. मर्यादा १०० वॅट-तासांची: २०,००० एमएएचची बँक म्हणजे गुणिले ३.७ भागिले १०००, ७४ वॅट-तास, चालते. त्यावर क्षमता छापलेली नसेल किंवा पुसली असेल तर काढून घेतात. अनेक कंपन्यांनी आता विमानात पॉवर बँक वापरायला मनाई केली आहे, म्हणून थांब्यातच फोन पूर्ण भरून घ्या.

घड्याळ कुठलं धरायचं?

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, दोहा आणि इस्तंबूल अडीच तास मागे, सिंगापूर आणि क्वालालंपूर अडीच तास पुढे. हातातल्या घड्याळावर भारतीय वेळ ठेवून हिशेब करणारे सिंगापूरला विमान चुकवतात. उतरल्यावर विमानतळाच्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून घ्या.

आई-वडील पहिल्यांदाच एकटे जाताहेत, मराठी-अहिराणीच बोलतात. कसं करावं?

तिकीट एकाच पीएनआरचं, एकाच कंपनीचं, आणि थांबा तीन ते पाच तासांचा. त्यांच्यासाठी पैसे वाचवायला लांब थांबा घेऊ नका. तिकिटासोबतच व्हीलचेअर मागवा, किमान ४८ तास आधी. चालता येत असलं तरी मागवा, त्यात संकोच नको. सोबतचा कर्मचारी इमिग्रेशन आणि गेटपर्यंत नेतो.

त्यांना एक गोष्ट पक्की समजावून सांगा. मधल्या विमानतळावर व्हीलचेअरवाला त्यांना एका ठरावीक जागी बसवून जातो आणि गेट उघडायच्या वेळी परत येतो. घाबरून त्यांनी तिथून उठून जायचं नाही. प्रसाधनगृहाला जायचं असेल तर तो सोडायच्या आधीच खुणेने सांगायचं. बोर्डिंग पास हातात दाखवत राहायचं, म्हणजे कोणी विसरत नाही.

एक जाड कागद गळ्यातल्या पाकिटात द्या. त्यावर इंग्रजीत: नाव, पुढच्या विमानाचा क्रमांक, शेवटचं शहर, मुला-मुलीचा देशाच्या कोडसह फोन, ‘मला इंग्रजी येत नाही, मला गेटपर्यंत न्या’, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर तेही. इन्सुलिन केबिन बॅगेतच. खालच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकतं. गोळ्या दोन दिवसांच्या जास्त. जेवणाच्या वेळा बदलतात, तेव्हा मधुमेहींच्या गोळ्या कोणत्या घड्याळाने घ्यायच्या हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. तासाभराने उठून दहा पावलं चालायला आणि पाणी प्यायला सांगा. प्रसाधनगृहाच्या संकोचाने आपल्याकडच्या बायका पाणीच पीत नाहीत, आणि पायाला सूज येते.

पहिलं विमान उशिरा आल्याने पुढचं चुकलं तर?

एका पीएनआरवर असाल तर कंपनीच्या ट्रान्सफर काउंटरवर जा. रांगेत उभं असतानाच ॲपही पाहा. बहुतेकदा नवीन विमान तिथे आधीच दिसतं. हॉटेल आणि जेवणाची कुपनं मागा, स्वतःहून दिली नाहीत तरी. विम्यासाठी लागणारं उशिराचं लेखी कारण तिथेच घ्या, नंतर मिळवायला महिने जातात. प्रवासविमा घेताना ‘जोडविमान चुकणं’ त्यात आहे का, आणि किती तासांच्या उशिरानंतर, हे वाचा. आणि पहिला टप्पा मुद्दाम सोडून मधूनच प्रवास सुरू करायचा विचार करू नका. पहिला टप्पा चुकवला की पुढचं सगळं तिकीट रद्द होतं.

परत येताना मुंबईत पहाटे उतरलो, जळगावची गाडी सकाळी. मधले तास?

बाहेर पडायची घाई करू नका. आधी आतच बॅगा, कस्टम आणि प्रसाधनगृह उरका. एकदा दाराबाहेर आलात की आत परत सोडत नाहीत. पुढे विमानानेच जायचं असेल तर तिकिटावर टर्मिनल १ आहे की २ ते पाहा, दोन्ही लांब आहेत. मेट्रो ३ने टी२हून दुसरं स्थानक टी१. गाडीने जाणाऱ्यांनी सामान आणि झोप पाहून दादर किंवा ठाणे गाठावं. विमान आणि गाडी यांत चार तासांचं अंतर ठेवा. बॅगा यायलाच कधीकधी दीड तास लागतो. एखादी बॅग आलीच नाही तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या आणि पत्त्यात तालुका, जिल्हा, पिनकोड पूर्ण लिहा. बॅग थेट पारोळ्याला किंवा शहाद्याला घरपोच मिळेल का, तेही तिथेच लेखी विचारून ठेवा.